दुसऱ्यांदा काढलेली पट्टी

माझी बायको जाऊन आठ महिने झाले. भेटायला येणारे हळहळतात, साठीसुद्धा गाठली नाही म्हणतात. मी त्यांना सांगतो, ती खरं तर त्याच्या चार वर्षं आधीच जायची होती. काहींना वाटतं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. तसं काही नाही. ती चार वर्षं आम्हाला कशी मिळाली आणि कोणामुळे मिळाली, हे मला पक्कं माहीत आहे. ते एकदा लिहून काढावं असं वाटलं. मला लिहायची सवय नाही. मी लाँड्रीत इस्त्री करतो. सदतीस वर्षं तेच केलं.

आधी आमच्याबद्दल थोडं. माझे आजोबा रस्त्याच्या कामावर या शहरात आले आणि इथलेच झाले. माझा जन्म इथला, बायकोचाही इथलाच. पण आमच्या लोकांचा रंग काळा आणि बोलण्याला हेल, त्यामुळे तिसऱ्या पिढीतही माणसं विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? बायको सांगायची, मागच्या गल्लीतली.

आमच्या बायका दुखणं वाढवून सांगतात, असं इथल्या हॉस्पिटलात बोललं जातं. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण कळतं. माझ्या आईला मूतखडा झाला होता तेव्हा ती कळ आली की ओरडायची. दोन नर्सबाई एकमेकींकडे बघून हसल्या, ते मी बारा वर्षांचा असताना पाहिलं. त्यानंतर आईने घरात नियमच केला. हॉस्पिटलात जायचं तर ठेवणीतले कपडे घालायचे, केस नीट विंचरायचे, आवाज खाली ठेवायचा आणि डॉक्टरांनी विचारलं तर बरं आहे म्हणायचं. रडत गेलात तर नाटकी म्हणतील, मळक्या कपड्यांत गेलात तर बाहेर बसवतील. आमच्या वस्तीत बहुतेक घरांत हाच नियम आहे. माझी बायको सून होऊन आली तेव्हा हा तिला शिकवावा लागला नाही, ती माहेराहूनच घेऊन आली होती.

ती शाळेत सफाईचं काम करायची. तीन मजले, अकरा वर्ग. दुखणं सुरू झालं ते जबड्यात. खालची डावी बाजू. दाताच्या डॉक्टरने दाढ काढली. दाढ गेली, दुखणं राहिलं. ती म्हणाली, चुकीची काढली मेल्याने, आता दुसरी काढायला मी काही जात नाही.

मग तिला धाप लागायला लागली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. ती प्रत्येक मजल्यावर थांबायची आणि खिडकीतून बाहेर बघायची. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, दुसरं काही नाही. मी विचारलं की म्हणायची, "श्वास घेतेय. त्याला अजून पैसे पडत नाहीत." मी हसायचो. आता आठवलं की त्या हसण्याची लाज वाटते, पण तेव्हा हसलो खरा.

शेवटी मी तिला हॉस्पिटलात नेलं. आदल्या दिवशी तिचा ठेवणीतला निळा ड्रेस लाँड्रीत नेऊन स्वतः इस्त्री केला. बाह्यांना अशी धार आणली की कागद कापावा. डॉक्टर तरुण होता. वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगतो. त्याने हसून बसायला सांगितलं, एक ते दहामध्ये दुखणं किती विचारलं. बायको म्हणाली, तीन. त्याने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही तर छान दिसताय."

आणि आम्हाला आनंद झाला. घरी येऊन मी मेहुणीला हे कौतुकाने सांगितलं. डॉक्टरने पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या आणि तेल-तिखट कमी करा म्हणाला होता, तुमच्याकडे जरा जास्तच असतं ना. आम्ही तीन आठवडे उकडलेलं खाल्लं. माझं चार किलो वजन उतरलं. तिचं दुखणं होतं तिथेच होतं.

मी तिला विचारलं होतं, तीन का म्हणालीस. ती म्हणाली, दहा म्हणजे थोरल्या मुलीच्या वेळच्या बाळंतकळा, त्याच्या मानाने हे तीनच. तिचा हिशोब बरोबर होता. डॉक्टरला फक्त तो माहीत नव्हता.

मेहुणी माझ्या बायकोपेक्षा सात वर्षांनी लहान, पण जिभेने मोठी. एका रविवारी तिने ताईला जिन्यात बसलेलं पाहिलं. वर येऊन मला म्हणाली, "भावोजी, ताईला तुम्ही डॉक्टरला दाखवायला नेता की इस्त्री दाखवायला?" मला राग आला. तिने मला चार गोष्टी सुनावल्या आणि मंगळवारी पुन्हा घेऊन जायचं कबूल करून घेतलं. मंगळवारी मी पुन्हा ड्रेसला इस्त्री केली. सवय जात नाही.

तोच डॉक्टर होता. त्याने जुना कागद पाहिला, गोळ्या घेतल्या का विचारलं, मग घरात काही टेन्शन आहे का विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. बायको म्हणाली, टेन्शन नाही, हे आहेत. तो हसला. माझीही करमणूक झाली. म्हणजे आम्ही तिघं तिथे हसत बसलो होतो आणि तिच्या काळजाच्या नळ्या बंद होत चालल्या होत्या. उठताना तो म्हणाला, तुमच्या समाधानासाठी एक ईसीजी काढून घ्या, हृदयाची पट्टी, आणि मग घरी जा.

पट्टी काढायची खोली लांबच्या टोकाला होती. तिथल्या बाई पंचावन्नच्या असतील. इथल्याच, गोऱ्या, उंच, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. नमस्कार नाही, चमत्कार नाही. कपडे सैल करा, आडव्या व्हा, हलू नका. मी बाहेर जायला निघालो तर म्हणाल्या, थांबा, ह्यांची पिशवी धरा. त्यांचं नाव आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, घरात त्या पट्टीवाल्या बाई झाल्या होत्या आणि अजूनही तेच म्हणतो.

पट्टी निघाली. बाईंनी ती चष्मा लावून पाहिली आणि ठीक दिसतेय म्हणाल्या. हातापायांचे चिमटे काढले आणि टेबलाशी वळून वहीत लिहायला लागल्या. छातीवरच्या चकत्या काढायच्या राहिल्या होत्या. बायकोने तेवढ्यात कपडे सावरले, खाली उतरली आणि पलंगाची चादर ओढून काढली.

हे कोणी बाहेरचा करणार नाही. पण आमच्या बायका करतात. दुसऱ्याच्या अंथरुणावर पडलो तर उठताना ते झटकून, ताणून, होतं त्याहून नीट करून ठेवायचं. मागून कोणी म्हणायला नको, ह्यांच्यातली बाई निजली होती म्हणून. त्यात ती सफाईच्या कामातली. तिने चादर झटकली, जाड गादीचा कोपरा उचलून चादर आत खोचली. एक कोपरा, दुसरा कोपरा. बाई न वळताच म्हणाल्या, राहू द्या, ते आमचं काम आहे. बायको म्हणाली, झालंच. तिसरा कोपरा. बाई वैतागून मागे वळल्या, आणि चौथ्या कोपऱ्याशी बायको थांबली.

एक गुडघा गादीवर, एक हात जबड्याखाली.

आमच्या रंगाचा माणूस पांढरा पडत नाही. तो राखेसारखा होतो. आम्हाला ते कळतं, पण गोऱ्या माणसांवर शिकलेल्या डोळ्यांना ते दिसतंच असं नाही. बाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिचा हात उलटा करून तळवा पाहिला, मग खालचा ओठ बोटाने ओढून आतून पाहिला. विचारलं, दात दुखतोय का. बायको म्हणाली, दाढ काढलीय हो ती, तरी दुखतंय. काळजाची कळ जबड्यातही येते आणि कष्ट केले की येते, हे मला नंतर कळलं.

"आडव्या व्हा," बाई म्हणाल्या. तोवर त्यांनी चिमटे लावायला घेतलेही होते. यंत्र सुरू झालं आणि दुसरी पट्टी बाहेर यायला लागली.

त्यांनी दोन्ही पट्ट्या टेबलावर एकाखाली एक ठेवल्या आणि मला बोलावलं. मला त्यातलं काय कळणार. पण बोट ठेवून दाखवलं तेव्हा दिसलं. पहिल्या पट्टीत टोक येऊन गेल्यावर रेघ सरळ होती. दुसरीत प्रत्येक टोकानंतर रेघ खाली लोंबत होती, ओल्या कपड्यांनी दोरी लोंबते तशी.

त्यांनी डॉक्टरला फोन करून बोलावलं. पाच-सात मिनिटांत तो आला. तोवर बायकोचं दुखणं थांबलं होतं, ती उठून बसली होती आणि बटणं लावत होती. डॉक्टरने दुसरी पट्टी पाहिली आणि म्हणाला, ह्या हलल्या असतील. बाई म्हणाल्या, हलल्या नाहीत, मी तेवीस वर्षं हेच बघतेय. त्याने बायकोला विचारलं, आता कसं वाटतंय?

बायको म्हणाली, आता बरं आहे.

डॉक्टरने आपली फाईल मिटली. आम्हाला घरी पाठवायला एवढंच पुरेसं होतं, आणि ते तिनेच त्याच्या हातात दिलं होतं. आईने घालून दिलेला नियम तिने पाळला होता, आणि मी उभा राहून बघत होतो.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही घरी ह्यांच्याबरोबर असता. काय बघता ते सांगा. त्यांना विचारू नका, त्या खोटं बोलतात."

मी बायकोकडे पाहिलं. तिने डोळ्यांनी खुणावलं, गप्प बसा. एकतीस वर्षं मी त्या डोळ्यांचं ऐकत आलो होतो आणि त्यात माझं भलंच झालं होतं. पण तिचा चेहरा अजून राखेसारखाच होता.

मी म्हटलं, "साहेब, ती एक जिना चढली की थांबते. शाळेतल्या बादल्या दीड महिना मी भरून देतोय, कामावर जायच्या आधी. ती आडवी झोपत नाही, उशा लावून बसून झोपते आणि मला कळत नाही असं तिला वाटतं. दुखणं तीन नाही. ती बाळंतपणाशी मोजते. आणि छान दिसते ती मी इस्त्री केली म्हणून."

बायको म्हणाली, "अहो, काय हे." तिला घरातलं सगळं चव्हाट्यावर आणल्यासारखं वाटलं. मी त्यानंतर तिच्याकडे पाहिलंच नाही.

डॉक्टरने फाईल पुन्हा उघडली. मग म्हणाला, पुढच्या आठवड्यात तज्ज्ञांची वेळ घेऊ. बाई म्हणाल्या, आज. तो म्हणाला, हे ठरवायचं काम तुमचं नाही.

"नाही," बाई म्हणाल्या. "माझं काम पट्टी काढायचं. ती काढली. आता मी चहाला जातेय. वाटेत मोठ्या डॉक्टरांची खोली लागते." दोन्ही पट्ट्या उचलल्या आणि गेल्या.

त्यांच्या नोकरीचं पुढे काय होईल हा विचार मला तेव्हा सुचला नाही. नंतर कळलं की त्यांना वरून लेखी समज मिळाली होती, पायरी सोडून वागल्याबद्दल. ती त्यांनी आम्हाला कधी सांगितली नाही. मेहुणीने कॅन्टीनमधून बातमी काढली.

वीस मिनिटांनी मोठ्या डॉक्टर स्वतः आल्या. बुटक्या, बारीक बाई, हातात त्या दोन पट्ट्या. बायकोशी पाच मिनिटं बोलल्या आणि तिला चाकाच्या खुर्चीत बसवलं. बायको म्हणत होती, मी चालते की. मोठ्या डॉक्टर म्हणाल्या, आता तुम्ही एक पाऊलही चालायचं नाही. दुसऱ्या दिवशी मनगटातून नळी घालून तपासलं. काळजाच्या तीन नळ्या अरुंद झालेल्या, त्यातली मुख्य जवळजवळ बंद. चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं.

मोठ्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावून सांगितलं की घरी गेली असती तर एखादा आठवडा निघाला असता, कदाचित तेवढाही नाही. मग म्हणाल्या, तुमच्या वस्तीतल्या बायका आमच्यापर्यंत फार उशिरा पोचतात, आणि तो उशीर नेहमी तुम्हीच करता असं नाही, पुष्कळदा आम्ही करतो. खुर्चीत बसलेल्या माणसाने असं कबूल केलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

तो तरुण डॉक्टरही एकदा वॉर्डात आला. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून काहीतरी जुळवाजुळव करत होता. माझी चूक झाली, एवढं नीट म्हणाला, बाकी अडखळला. बायकोच्या छातीवर टाके, धड खोकता येत नव्हतं. तिने स्टुलाकडे बोट केलं आणि म्हणाली, "बसा डॉक्टर. तुम्ही तर छान दिसताय." तो लाल झाला, मग हसला. गोऱ्यांचं हे बरं असतं, लाल झालेलं लगेच दिसतं. पुढे तो तपासणीला आमच्याकडे लक्ष देऊन बघायचा. एक ते दहा विचारणं त्याने सोडलं होतं. काल काय काम केलंत आणि काय करता आलं नाही, असं विचारायचा.

त्यानंतरची चार वर्षं. ती शाळेत परत गेली नाही. मी लाँड्रीतून एक वाजता घरी यायला लागलो. लग्न झाल्यापासून कामाच्या दिवशी दुपारचं आम्ही कधी एकत्र जेवलो नव्हतो, ती शाळेत आणि मी इस्त्रीपाशी. आता रोज जेवायला लागलो. हजाराच्या वर जेवणं झाली असतील. त्यातली निम्मी भांडणात गेली. मीठ कमी करायला डॉक्टरने तिला सांगितलं होतं आणि तिने ते माझंही कमी केलं. थोरलीला मुलगी झाली, ती हिच्या मांडीवर बसून बोलायला शिकली आणि पहिला शब्द शिकली तो "नको". हिच्याकडूनच, दुसरं कोण.

आणि ती वस्तीतल्या बायकांना घेऊन हॉस्पिटलात जायला लागली. आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी दारात असायची. ही सांगायची, घरच्या कपड्यांत चल, आहेस तशी चल, आणि आत गेल्यावर बरं आहे म्हणालीस तर मी तुला तिथेच चिमटा काढीन. एकीला तिने खरंच काढला. ती बाई डॉक्टरसमोर ओरडली, आणि ही म्हणाली, बघा, दुखतंय. दोघींना वेळेवर उपचार मिळाले हे मला माहीत आहे. आणखीही असतील.

तपासणीला गेलो की पट्टीवाल्या बाईंकडे जायचंच. त्या कधी गोड बोलल्या नाहीत. ही पलंगावरून उतरली की त्या आधी चादरीवर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, खबरदार.

मागच्या वर्षी हृदय थकत गेलं. या वेळी आम्हाला कोणी घरी पाठवलं नाही. जे करता येण्यासारखं होतं ते सगळं झालं, वेळेवर झालं, आणि तिला सगळं विचारून झालं. त्यापुढे माणसाच्या हातात नसतं. हे मी मनापासून लिहितोय.

ती गेल्यावर मला आभार मानायचे होते. दोनदा हॉस्पिटलच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. गेल्या आठवड्यात आत गेलो. बाई निवृत्तीला आल्या आहेत, पण खोली तीच. मला एकट्याला पाहून त्यांना कळलं. त्यांनी मला पलंगावर बसवलं, दुसरी खुर्ची नव्हती. मी जे ठरवून आलो होतो ते बोललो. तुम्ही चहाला गेला नसता तर आम्हाला ती चार वर्षं मिळाली नसती, तुमचे उपकार आहेत.

त्या चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळीच तुमच्याकडची आणखी एक बाई आली होती. पट्टी चांगली आली. मी तिला जा म्हटलं. पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही. तुमच्या बायकोकडे मी वळून पाहिलं ते तिचा राग आला म्हणून. तेव्हा आभार मानताना एवढं लक्षात ठेवा."

त्या दुसऱ्या बाईचा विचार मनात आला, आणि तो अजून गेलेला नाही. तिचाही कोणी नवरा असेल. मी म्हटलं, "राग तर राग. तुम्ही पाहिलंत. पाहून सोडून दिलं नाहीत. मी आभार परत घेणार नाही."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "कशा गेल्या?"

मला हे आठ महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं. सगळे वाईट झालं म्हणतात आणि दुसरा विषय काढतात. मी सांगितलं. दुपारची वेळ होती, जेवण झालं होतं, मी ताटं उचलत होतो. ती खुर्चीत बसून मला सांगत होती की ओटा नीट पुसा, कोपरे सोडून देता. मी म्हटलं, पुसतो ग. तिने काही उलट उत्तर दिलं नाही, तेव्हाच मला कळलं. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. हात गरम होता. माझे हात ओले होते, ते मी आधी पुसले आणि मग तिचा हात धरला. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बोलताना मी मध्येच थांबलो. बाहेर पेशंट खोळंबले होते, दारावर टकटक झाली. मी उठायला लागलो.

बाईंनी हाताने मला बसवलं आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "पाच मिनिटं थांबा. मी ऐकतेय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हं. मग?"